घर कुणाच्या नावावर? सोलापूरच्या विडीवाल्या बायकांचा एक इतिहास

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षक म्हणून माझ्यासमोर प्रवेश अर्जांचा ढीग येतो. वडिलांचे नाव, आईचे नाव, व्यवसाय, पत्ता. उर्दू शाळेतल्या मुलांचे पत्ते दरवर्षी बदलतात. अकरा महिन्यांचा करार संपला, घरमालकाने भाडे वाढवले, डिपॉझिट जास्त मागितले की कुटुंब दोन गल्ल्या पुढे सरकते. मागच्या वर्षीचा पत्ता खोडून नवा लिहिताना मुलांना काही वाटेनासे झालेले असते. पण काही अर्जांवर पत्ता वर्षानुवर्षे तोच राहतो: गोदूताई परुळेकर नगर, कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर. एकदा अशाच एका मुलाला मी सहज विचारले, "घर वडिलांचं आहे का?" तो म्हणाला, "नाही सर, दादीचं." त्याच वस्तीतल्या दुसऱ्याने सांगितले, अम्मीचे. तिसऱ्याने सांगितले, नानीचे. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो.

कुंभारी हे अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. सोलापूरपासून दहा-बारा किलोमीटर. एके काळी ज्वारीचे शिवार. आज तिथे हजारो कामगार कुटुंबे राहतात, आणि त्यांतली बरीच आपल्या समाजातली आहेत. एवढी माणसे एका खेड्याच्या शिवारात कशी आली, हा आमच्याकडे कुणी इतिहास म्हणून सांगत नाही. आमच्या जलशांत बगदाद येते, कुर्तुबा येते, विजापूरचा आदिलशाही दरबार येतो. कुंभारी येत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात सूपापासून करावी लागेल. माझी खाला विडी वळायची. मांडीवर सूप, सूपात तंबाखू, बाजूला भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, हातात कात्री आणि मापाचा पत्रा. पान मापाने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. हिशेब हजारावर. सकाळी कारखान्याच्या शाखेत माल पोहोचवायचा, दुसऱ्या दिवसाची पाने आणि तंबाखू घेऊन यायचे. शाखेत बसलेला माणूस विड्या चाळून "छाट" काढायचा. छाटीत गेलेल्या विडीचा पैसा नाही, पण विडीही परत नाही. खाला घरी येऊन त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मग पुन्हा सूप घेऊन बसायची.

आता हे काम कुठे चालायचे, ते पाहा. दहा बाय बाराची भाड्याची खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच झोपणे, तिच्यातच तंबाखूची धूळ. मालकाचा कारखाना म्हणजे प्रत्यक्षात ही खोली होती. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. कारखान्यात हवा, उजेड, पाणी, पाळणाघर द्यावे, कामाचे तास ठरावेत, असे त्यात होते. कायदा चांगलाच होता. पण देशभरातल्या अनेक मालकांनी त्यातून पळवाट काढली ती अशी की काम कारखान्यातून उचलून बायकांच्या घरी नेऊन टाकायचे. घरी हवा आणि उजेड देण्याची जबाबदारी मालकाची नाही. जागेचे भाडे कामगार बाई स्वतः भरते, दिव्याचे बिल तीच भरते. म्हणजे तिच्या मजुरीतला एक हिस्सा रोज परत मालकाच्या फायद्यात जातो, आणि तो कुठल्या वहीत लिहिलेला नसतो. माझ्या मते सोलापूरच्या घरांच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. घराचा प्रश्न हा इथे मजुरीचाच प्रश्न होता.

सोलापूर हे गिरणगाव. 1877 मध्ये इथली पहिली कापडगिरणी, जिला आम्ही अजून जुनी मिल म्हणतो, सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. दुष्काळाने हुसकलेले तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आपले लोक आले. गिरण्यांनी काही चाळी बांधल्या, बाकीच्यांनी जमेल तिथे आडोसा केला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. पुरुष रिक्षावर, हमालीवर, यंत्रमागावर गेले किंवा नुसतेच कट्ट्यावर बसले. घरात रोज येणारा नेमका पैसा उरला तो बाईच्या सूपातला. पद्मशाली घरांत तेच, मोमीन-शेख-पठाण घरांत तेच. एकाच शाखेच्या रांगेत तेलुगू, दख्खनी आणि मराठी तिन्ही भाषांत शिव्या ऐकू यायच्या.

ज्यांनी चार पैसे साठवले त्यांनी शहराच्या कडेला गुंठा-दीड गुंठा घेतला. शेतकऱ्याने किंवा मधल्या दलालाने शेताचे तुकडे पाडायचे, स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचे. बिनशेती परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. महाराष्ट्र सरकारला शेवटी 2001 मध्ये गुंठेवारीचा वेगळा कायदा करून असल्या तुकड्यांना नियमात आणायची वाट काढावी लागली, एवढे ते सर्वत्र झाले होते. आमचे स्वतःचे घर अशाच गुंठ्यावरचे. वडिलांनी घेतलेले, वडिलांच्या नावावर. आईने त्यात किती विड्या घातल्या याची नोंद स्टॅम्प पेपरवर नाही.

इथे थोडे थांबून 1985 सालाकडे वळतो. हे साल मुसलमानांना पाठ आहे, पण अर्धेच.

23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो प्रकरणाचा निकाल दिला. त्यावर झालेली भाषणे, मोर्चे, मग 1986 चा कायदा, हे सगळे आपण जाणतो. पण त्या प्रकरणाची सुरुवात काय होती ते सहसा कुणी सांगत नाही. इंदूरच्या त्या बाईचे लग्न 1932 सालचे. 1975 मध्ये, त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, नवऱ्याने तिला घराबाहेर काढले. तलाक नंतर आला, 1978 मध्ये. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी होती महिन्याला 179 रुपये 20 पैसे. शरियतवर चर्चा झाली, संविधानावर झाली. ज्या घरातून ती निघाली ते घर कुणाचे होते, यावर झाली नाही. ते नवऱ्याचे असणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते, बाजूच्यांनीही आणि विरोधातल्यांनीही.

त्याच साली, त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. विडी उद्योगाला 1977 पासून भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू झाला होता, पण मालकांचे म्हणणे असे की घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नव्हेत. आम्ही त्यांच्यावर देखरेख कुठे करतो? न्यायालयाने हे मान्य केले नाही. न्यायालयाने बोट ठेवले ते छाटीवर. आलेल्या विड्यांतल्या नापसंत विड्या नाकारायचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याचे नियंत्रण आहे, म्हणजे ती त्याची कामगार आहे. ज्या छाटीने खालाचे रोजचे पैसे कापले गेले, तीच तिच्या कामगारपणाचा पुरावा ठरली. या निकालावर आमच्या मोहल्ल्यात एकही जलसा झाला नाही. खालाला तर शाहबानोचे नावही माहीत होते आणि हा निकाल माहीत नव्हता. पण तिच्या पुढच्या आयुष्यात उपयोगी पडला तो हाच.

कारण कामगार म्हणून नोंद झाली की कार्ड मिळते. 1976 च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून विडी कामगार कल्याण निधी उभा केला होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरासाठी अनुदान मिळत असे. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या वह्या त्या शिष्यवृत्तीतून आल्या. पण घराचे अनुदान कागदावरच असायचे. घर बांधायला आधी जमीन लागते, आणि जमीन असती तर बाई भाड्याच्या खोलीत कशाला राहिली असती?

हा गुंता सोडवला तो लाल बावट्याच्या युनियनने. नरसय्या आडम, ज्यांना सगळे सोलापूर आडम मास्तर म्हणते, ते 1978, 1995 आणि 2004 असे तीन वेळा आमदार झाले. त्यांच्या पक्षाशी माझे सगळ्याच बाबतीत जमत नाही, आणि आमच्यातल्या बऱ्याच बुजुर्गांना "हे लोक खुदाला मानत नाहीत" एवढी एकच हरकत पुरेशी होती. पण खाला त्यांच्या मोर्च्याला जायची. बुरख्यात जायची, नमाजची वेळ झाली की बाजूला होऊन नमाज पढायची आणि परत येऊन घोषणा द्यायची. तिला कुणी थांबवले नाही.

युनियनने केले ते असे. विडी कामगार बायकांचीच सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. शहरात जमीन परवडणार नव्हती, म्हणून कुंभारीच्या शिवारात घेतली. मग हिशेब मांडला: एका घराला साधारण साठ हजार. वीस केंद्राने द्यावेत, वीस राज्याने, वीस बाईने. ऐकायला सोपे वाटते. दोन्ही सरकारांकडून ते वीस-वीस हजार काढायला मोर्चे, धरणे, उपोषणे आणि दिल्लीच्या खेपा यांत वर्षे गेली. संस्थेला नाव दिले कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचे, वारली आदिवासींमध्ये काम केलेल्या, 1996 मध्ये वारलेल्या गोदूताईंचे. सप्टेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. दहा हजार घरे. एकमजली, शेजारी शेजारी, रांगेत. आणि संस्था महिला विडी कामगारांची असल्यामुळे घर ज्या बाईच्या हातात विडीचे कार्ड तिच्या नावावर.

बाईच्या वाट्याच्या वीस हजारांची गोष्ट मला जवळून माहीत आहे. कर्ज काढायचे तर व्याज आले. खालाच्या घरात यावर महिनाभर वाद चालला. मोठा मुलगा नुकताच तबलिगला जाऊन आला होता, त्याने सूद हराम असल्याचे सांगितले. खालाने विचारले, "फिर तू दे." त्याच्याकडे नव्हते. शेवटी तिने काळ्या पोतीच्या लच्छ्यातले सोन्याचे मणी विकले आणि उरलेल्यासाठी गल्लीतल्या बायकांची भिशी लावली. बारा बायका, त्यांतल्या सात आपल्या, पाच पद्मशाली. पहिला हप्ता कुणाला यावर चिठ्ठी टाकायची ठरले होते, पण ज्यांना घराचे पैसे भरायचे होते त्यांना बाकीच्यांनी पुढे सोडले. इस्लामी अर्थव्यवस्थेवर मी बरीच व्याख्याने ऐकली आहेत. बिनव्याजी कर्ज प्रत्यक्षात चालताना मी पाहिले ते त्या भिशीत.

सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. घर मिळाले, पण काम, बाजार, दवाखाना, मुलांची शाळा सगळे शहरात राहिले. पहिली काही वर्षे खाला सकाळी माल घेऊन बससाठी रस्त्यावर उभी राहायची. बस भरून आली तर रिक्षा, आणि रिक्षाचे पैसे म्हणजे शंभरावर विड्यांची मजुरी. पाण्याची वाट बघत रात्री जागावे लागे. एका ग्रामपंचायतीच्या अंगावर गावापेक्षा कितीतरी मोठी वस्ती अचानक आली होती. गावकऱ्यांना वाटे, हे लोक आमचे पाणी पितात. वस्तीवाल्यांना वाटे, मते घेतात आणि गटार काढत नाहीत. दोघांचेही काही प्रमाणात खरे होते. काहींनी कुलूप लावून पुन्हा शहरात भाड्याची खोली घेतली. स्वस्त घराची किंमत अंतरात वसूल होते, हे नकाशा काढणाऱ्यांना बहुधा बसने जावे लागत नाही म्हणून कळत नाही. आणि एक मोठी वस्ती आली की आजूबाजूच्या रानांत प्लॉटचे दगड रोवले जातात, भाव चढतात, आणि पुढच्या गरिबाला आणखी लांब जावे लागते.

तरीही एक गोष्ट बदलली. खालाचा धाकटा मुलगा दारू पिऊन बायकोला मारायचा. पूर्वी असे झाले की बायको माहेरी जायची, आठ दिवसांनी बुजुर्ग मंडळी बसून समजूत घालून परत पाठवायची. कुंभारीत आल्यावर एकदा खालाने दार उघडून मुलालाच बाहेर काढले. "घर मेरे नांव पे है. निकलना है तो तू निकल." सून आत राहिली. तो चार दिवस मित्राकडे झोपला आणि गुपचूप परत आला. दारू पूर्ण सुटली नाही, पण हात उचलणे थांबले. 1985 च्या सगळ्या जलशांत जे कुणाला सुचले नाही, ते एका निरक्षर बाईला सातबाऱ्याइतके स्पष्ट दिसत होते. आणि यात शरियतच्या विरोधात काहीच नव्हते. बाईची मालमत्ता बाईची, त्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा हक्क नाही, हे आपल्याकडे पहिल्यापासूनच आहे. फक्त तिच्याकडे मालमत्ता असायला हवी ना.

कुंभारीत चाव्या दिल्या गेल्या त्याच वर्षी, नोव्हेंबर 2006 मध्ये, सच्चर समितीने आपला अहवाल दिला. त्यातले गरिबीचे, नोकऱ्यांचे आकडे आपण भाषणांत वापरतो. घरी बसून काम करणाऱ्या मुस्लिम बायकांचे मोठे प्रमाण त्यात आहे, ते कमी वापरतो. आणि वक्फवरचे प्रकरण तर आणखी कमी. देशात वक्फच्या सुमारे 4.9 लाख नोंदणीकृत मिळकती, सहा लाख एकर जमीन, असे तो अहवाल सांगतो. सरकारी अतिक्रमणे आहेत, खासगी आहेत, मुतवल्लींनी कवडीमोलाने दिलेले भाडेपट्टे आहेत, सगळे मान्य. पण विधवा आणि मजूर बायकांसाठी घरे हा विषय मी आमच्या शहरातल्या एखाद्या जमातीच्या बैठकीत निघालेला ऐकलेला नाही. मशिदीचा मजला वाढवणे निघते, शादीखाना निघतो. शादीखान्याची गरज आहे, मीही वर्गणी दिली आहे. पण लग्नानंतर ते जोडपे कुठे राहणार?

विडीवरही आमच्याकडे फतवे बरेच झाले. तंबाखू मकरूह की हराम, यावर खालाला तोंडावर ऐकवणारे होते. तंबाखू वाईट आहे यात वाद नाही, तिच्या छातीतला खोकला मी लहानपणापासून ऐकतो आहे. मात्र ऐकवणाऱ्यांपैकी कुणी तिला दुसरे काम आणून दिले नाही.

कुंभारीची गोष्ट दहा हजारांवर थांबली नाही. मीनाक्षीताई साने यांच्या नावाने विडी कामगारांचीच आणखी एक वसाहत झाली. मग तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यात विडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, बांधकाम मजूर, कचरा वेचणारे असे सगळे आले. आता हिशेब पंतप्रधान आवास योजनेचा: दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे, बाकी लाभार्थ्याचे. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पायाभरणी केली. त्या समारंभात त्यांची स्तुती केली म्हणून आडम मास्तरांना त्यांच्याच पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. सोलापुरात यावर बरेच हसे झाले. 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. एका पंतप्रधानांनी पहिली वसाहत दिली, विरुद्ध पक्षाच्या दुसऱ्याने तिसरी दिली, आणि दोन्ही वेळा मागे रेटा त्याच बायकांचा होता. बातम्यांत कुणाचा फोटो मोठा आला हे सांगायला नको.

दरम्यान 2017 मध्ये जीएसटी आला आणि विडीवरचा तो उपकर बंद झाला. कल्याण निधीचा स्वतःचा झरा आटला. कामही कमी झाले. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांपैकी आता थोड्याच वळतात, मुलींपैकी जवळजवळ कुणी नाही. हे चांगलेच आहे. पण विडीचे कार्ड गेले तर यांना कामगार म्हणून ओळखणार कोण, आणि कुठल्या संस्थेत नाव लागणार? शिलाईचे काम घरी आणणारी बाई आज तिथेच उभी आहे जिथे खाला 1985 च्या आधी होती.

गेल्या रमजानमध्ये खालाने मला इफ्तारला बोलावले. आता तिच्याच्याने वळणे होत नाही, बोटे आखडली आहेत. तिला तीन मुलगे, एक मुलगी. मुलगी तलाकशुदा, आईजवळच राहते, शिलाई करते. जेवण झाल्यावर खालाने ट्रंकेतून संस्थेचे कागद काढले आणि म्हणाली, "तू मास्तर है. बेटी के नांव पे कैसा करना, लिख के दे."

मी तिला कायदा सांगू लागलो. वारसाने गेले तर मुलीला मुलाच्या निम्मे. वसियत करायची तर एक तृतीयांशाच्या पुढे चालत नाही, आणि वारसदाराच्या नावे बाकीच्यांच्या संमतीशिवाय चालत नाही. संस्थेत वारस म्हणून नाव लावले तरी ती मालक होत नाही. हयातीत हिबा करता येईल: द्यायचे ते जाहीर करायचे, तिने कबूल करायचे, आणि ताबा खरोखर द्यायचा. संस्थेची परवानगी लागेल. मुलगे नाराज होतील.

"होन दे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिने विचारले, "तुम्हारे अब्बा का घर था ना, बहन को क्या दिया तू?"

वडील गेले तेव्हा बहिणीने हक्कसोड पत्रावर सही केली होती. तलाठ्याकडे मीच घेऊन गेलो होतो तिला. येताना तिने रस्त्यात मुलांसाठी बिस्किटे घेतली, आणि त्याचे पैसे मी दिले.

खालाचा अर्ज मी त्याच रात्री लिहिला. बहिणीला अजून फोन केलेला नाही.